शेगडीमागचा एक मार्क

कुसुम,

नितीन आज मला न्यायला आला होता. त्याचं काय झालं ते सांगतो, पण थेट उत्तरावर येत नाही. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं की मी पोरांचे मार्क कापायचो, आणि घरी मी काही तोडून बोललो की तू तेच माझ्यावर उलटवायचीस. "पायऱ्या दाखवा, सर." शाळेत मी गणिताचा सर, तू गृहविज्ञानाची बाई, घरी मात्र मी तुझ्यासाठी नुसता 'अवो'. घरात 'सर' ऐकू आलं की समजायचं, आज आपली काही धडगत नाही.

तर पायऱ्या. तू गेलीस त्या दिवशी आपली शेगडी बंद झाली. रीतीप्रमाणे सुतकातला कडू घास शेजारून आला, मग भावकीतून डबे येत राहिले. तेरवीपर्यंत मी लोकांच्याच हातचं जेवलो. एकाच्या वरणात मीठ जास्त, दुसऱ्याची पोळी चामट. तुला सांगायला तोंड उघडायचो आणि तसंच मिटायचो. दुःखाच्या घरात बसून माणूस मिठाची तक्रार करतो हे बरं दिसत नाही, पण आपल्या दोघांचं अर्धं बोलणं मिठाबद्दलच असायचं, त्याला मी काय करू.

तेरवी झाली, मांडव उतरला, पाहुणे एस.टी.ला लागले, आणि नितीननं विषय काढला. "बाबा, आता इथं एकट्यानं काय करणार? घराला कुलूप लावू. पुण्याला चला." मी नाही म्हणालो. पुण्यात राहून त्याची भाषा कशी इस्त्री केल्यासारखी झालीय, तुला ठाऊकच आहे. पण चिडला की पोरगा सरळ वडनेरचा होतो.

"तुमाले चहाच्या पुढं काही येते काय?"

"येते. वरण-भात येते. मटकीची उसळ येते. तुह्या मायनं शिकवलं."

"आन् भाकर?"

कुठं धरलं की बाप हलत नाही, हे त्याला बरोबर माहीत. पोळी मला जेवण वाटत नाही. ज्वारीची भाकर पोटात गेल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही. तो म्हणाला, "महिनाभर देतो. मी परत येईन तवा तुमच्या हातची भाकर खाऊ घाला. जमली तं राहा इथं. नसन जमली तं मुकाट्यानं बॅग भरा." पोरगा कोणाचा हे सांगायला नको. प्रात्यक्षिक परीक्षा लावून गेला.

मला इथं का राहायचंय, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या झालेल्या पोराला कसं सांगायचं? तुला सांगतो. पुण्याच्या त्या चकचकीत घरात तू फक्त फोटोत असशील, हार घातलेल्या. इथं दाराच्या कडीला तुझा हात लागलेला आहे. मोरीतला दगड तू तिरपा बसवून घेतलास म्हणून मी रोज तिथं ठेचकाळतो, आणि रोज तुझ्याशी भांडतो. ते भांडण सोडून कुठं जाऊ?

भाकरीपर्यंत आपला अभ्यासक्रम पोचलाच नाही, कुसुम. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो पाहून मान हलवली, आणि त्या आठवड्यात एका सकाळी तू मला ओट्यासमोर उभं केलंस. "उभे राहा इथं. आजपासून तुमचा तास." मी हसलो. आयुष्यभर गावच्या पोरीबाळींना शिकवून दमली नाहीस, आता म्हाताऱ्याला शिकवणार? तू हसली नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आपण दोघांनी मिळून मटकी भिजत घातली.

विद्यार्थी म्हणून मी नालायकच. "पाणी किती?" मी विचारायचो. "अंदाजानं," तू म्हणायचीस. मी चमचा खाली ठेवायचो. अंदाज हे काही उत्तर आहे? शाळेत पोरींना वाटीनं मोजून शिकवलंस, पाऊण वाटी, अर्धी वाटी, आणि मला अंदाज?

"त्या शिकाले आल्या होत्या," तू म्हणालीस. "तुमी भांडाले आले."

वरण-भाताला तू मला दहापैकी नऊ दिलेस. मी खवळलोच. भात मोकळा, वरण दाट, फोडणी करपलेली नाही. एक मार्क गेला कुठं? तू गॅसची शेगडी पुढं ओढलीस, मागच्या भिंतीलगत बोट फिरवलंस आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलंस. हळदीचं पिवळं तेल. "शेगडीमागं, सर."

तीच तुझी जुनी खोड. शाळेत प्रात्यक्षिकाला बाहेरच्या परीक्षक बाई यायच्या, पोरींनी केलेला शिरा चाखायच्या, मान डोलवायच्या. तू पदार्थाकडं ढुंकून बघायची नाहीस. सगळे शिऱ्याभोवती जमले की तू मागं जाऊन शेगडी उचलायचीस. एवढ्या वर्षांत तुझ्या हातून कुणाला पूर्ण मार्क मिळालेले मी पाहिले नाहीत. एकदा एक पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, तिथं कोण पाह्यते?" तू म्हणालीस, "उद्या सकाळी जो तिथं उभा राहीन, तो." यावरून आपलं स्टाफरूममध्ये किती वाजलंय! ज्या विषयात पूर्ण मार्क मिळूच शकत नाहीत तो विषय कसला, हा माझा मुद्दा. माझ्याकडं शंभरपैकी शंभर पडतात. "तुमच्याकडं गणित सुटलं का संपते," तुझा मुद्दा, "माह्याकडं उद्या पुन्हा भांडे पडतात." हा वाद तसाच लोंबकळत राहिला. मी अजून माझं म्हणणं सोडलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आणि पोरांचं प्रकरण आठवतं? हस्तकलेचे सर बदलून गेले, पोरं त्या तासाला गावभर उंडारायला लागली, तेव्हा तू हेडसरांना म्हणालीस, द्या माझ्याकडं. मुलगे गृहविज्ञानाला! अख्खं वडनेर हसलं. मी तर घरातच हसलो. रफीकचे वडील, गाद्या भरणारे, दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. "बाई, आमच्या पोट्ट्याले भाकरी थापाले लावलं म्हणतात."

"भाऊ, तुमच्या घरी सुई कोण चालवते?" तू विचारलंस.

"मीच चालवतो. आपला धंदाच हाय तो."

"मग भाकरीनं काय घोडं मारलं?"

ते असे हसले की आमच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. पुढं दरवर्षी तेच येऊन पोरापोरींना रजईचा टाका शिकवून जायचे. तू त्यांना खुर्ची द्यायचीस आणि स्वतः उभी राहायचीस.

आता एक गोष्ट. ही तुला कधीच सांगितली नाही, आणि सांगायला हवी होती असं रोज वाटतं. तुझी खोली आणि माझी दहावी यांच्यामध्ये भिंत नव्हती, पत्रा होता. तू पलीकडं जे बोलायचीस ते सगळं मला ऐकू यायचं. तू भांडायचीस की मी वेळापत्रक करताना तुझे तास गणिताला पळवतो. पळवायचो, खरंय. पण जे तास तुझ्याकडं ठेवायचो ते सगळे माझ्या वर्गाला लागून ठेवायचो, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही. तुझा तास सुरू झाला की मी फळ्यावर दोनचार अवघड गणितं टाकून पोरांना गप्प बसवायचो. पोरांना वाटायचं, सर कडक आहेत. सर पत्र्याला पाठ लावून बायकोचं बोलणं ऐकत असायचे. वर्गातली तुझी भाषा शुद्ध, पुस्तकी, कुणी दूध उतू घालवलं की एकदम, "अवं, ध्यान कुठं हाये तुहं!" मला फार गोड वाटायचं ते. घरी येऊन तेवढं एक वाक्य बोललो असतो तर माझं काय बिघडलं असतं?

तर नितीन गेला आणि मी भाकरीला लागलो. खालच्या फळीवर पिठाचा डबा होता. तू जायच्या आदल्याच दिवशी ज्वारी दळून आणली होतीस, चाळून भरली होतीस, आणि तुझ्या सवयीनं झाकणावर स्टीलचा पेला उपडा घातला होतास. त्यातलं पीठ घेतलं, मळलं, थापायला लागलो. कडेनं चिरा. उचलली तर हातातच दोन तुकडे. दुसरी तव्यापर्यंत गेली आणि तिथं फुटली. रोज तेच. पाणी वाढवलं, कमी केलं, मोजून पाहिलं, अंदाजानंही पाहिलं. रोज रात्री वरणात भाकरीचे तुकडे कालवून खायचो आणि तुझ्या फोटोला म्हणायचो, शेवटचा धडा राहिला बघ, आता भोग.

मधे रफीक येऊन गेला. तू गेलीस तेव्हा तो लग्नाच्या जेवणाच्या कामावर मेहकरकडं होता, त्याला उशिरा कळलं. आता नांदुऱ्यात त्याचं स्वयंपाकाचं मोठं काम आहे, हाताखाली माणसं आहेत, दाढीत पांढरे केस आलेत. येऊन बसला. मी त्याला जेवायला वाढलं. त्यानं भाकरीचे तुकडे पाहिले, खाल्ले आणि म्हणाला, "सर, चव बरोबर हाये. फक्त नकाशा झाला." आम्ही दोघं हसलो. तू गेल्यावर या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं.

मग तो उठून डब्याशी गेला, पिठाची चिमूट घेतली, बोटांत चोळली. माझ्याकडं पाहिलं. झाकण लावलं आणि पेला पुन्हा तसाच उपडा ठेवला. काही बोलला नाही. जाताना माझं न ऐकता ताटं घासली, ओटा पुसला, आणि सवयीनं शेगडी उचलून मागचंही पुसून काढलं. "बाईनं माहा तेवढाच एक मार्क कापला होता," दारात चपला घालताना म्हणाला. "अजून दुखते, सर." डोळे पुसत गाडीवर बसला.

तो गेल्यावर मी ओट्याजवळ तसाच उभा राहिलो. रफीक काय बोलला नाही, ते मला नीट ऐकू आलं होतं. आणि त्यानं सांगायची गरजही नव्हती, कारण मला ठाऊक होतं, कुसुम. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्र्यापलीकडून दरवर्षी तुझा तो धडा मी ऐकला होता: ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा जातो, मग कितीही थापा, चिराच पडतात, म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणावी. चक्की आपल्या गल्लीच्या तोंडाशी. कोठीत ज्वारीचं पोतं भरलेलं. पायलीभर ज्वारी दळायला कितीसा वेळ लागतो?

पण तो डबा संपला की तुझ्या हातचं या घरात काहीच उरत नव्हतं. पापड, कुरडया, लोणचं तू उन्हाळ्यात घालायचीस. यंदाचा उन्हाळा तुला मिळालाच नाही. जुनं सगळं खाऊन झालेलं. एवढं पीठ होतं. मी रोज त्यातलं मूठभर घ्यायचो, कमी होतंय हे बघायचो, आणि फुटकी भाकर खायचो. नवं दळून आणलं असतं तर भाकर जमली असती आणि मी या घरात राहिलो असतो. पण मग ते पीठ जनावरापुढं टाकावं लागलं असतं. घरात राहायचंय ते तुझ्यासाठी, आणि त्यासाठी तुझंच शेवटचं उचलून टाकायचं. शिकवलेलं सगळं गणित इथं कामाला आलं नाही.

मग आठवलं. त्याच धड्याच्या शेवटी तू अजून एक सांगायचीस. तेव्हा बहुतेक घंटा व्हायची, पोरी दप्तरं आवरायला लागायच्या आणि तू आवाज चढवायचीस, म्हणून ते पत्र्यातून सगळ्यांत स्पष्ट यायचं. "आणि पीठ जुनंच असलं तर टाकू नका गं! कढत पाणी घाला. झाकून ठेवा. मग मळा!" माझ्या फळ्यावर त्रिकोणमिती, आणि कानात हे.

पाणी उकळलं. पिठात घातलं, झाकलं, हाताला सोसेल इतकं निवू दिलं, मग मळत बसलो. हात भाजले. थापली. कड फाटली नाही. उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. आणि विस्तवावर धरली तर ती फुगली, कुसुम! मी एकटाच स्वयंपाकघरात ओरडलो, "अवं, फुगली!" आणि मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. खाली बसलो आणि रडलो, तू गेलीस तेव्हाही एवढा रडलो नव्हतो. भाकर तव्यावर करपली.

उरलेलं पीठ मग मी जपून ठेवलं. नितीन येईपर्यंत सरळ खिचडीवर राहिलो.

आज सकाळी तो आला. मी बेसन केलं होतं, म्हणजे त्याच्या पुणेकरांचं पिठलं, मिरचीचा ठेचा, आणि भाकरी. पीठ कुठलं ते सांगितलं नाही. दयेचे मार्क नको होते मला. त्यानं पहिली भाकर मोडली, वाफ आली. ती खाल्ली. दुसरी घेतली. तिसरीला हात केला तेव्हा ताटली रिकामी होती.

"अजून एक टाका ना, बाबा."

"पीठ संपलं."

"संपलं? डबा तं मोठा हाये." तो उठला, पेला उचलला, झाकण काढलं. आत बुडाला थोडी पांढरी धूळ. त्यानं बोट लावून चाखून पाहिलं. जुन्या पिठाला कडवटपणा येतो. त्याच्या ते ध्यानात आलं असावं, तुझाच पोरगा तो. "हे आईनं..." इतकंच म्हणाला. मी हो म्हणालो.

तो डबा हातात धरून उभा होता. मला वाटलं, आता म्हणेल, असं जुन्या पिठावर जगता का, चला पुण्याला. वडिलांना घेऊन जायचं दुसरं तिकीट त्याच्या खिशात होतं, मी पाहिलं होतं. तर तो कोठीत गेला, डब्यात ज्वारी भरली, तुझी स्कूटी काढली आणि चक्कीवर गेला. परत आला तेव्हा डबा अजून गरम होता. खालच्या फळीवर जागच्या जागी ठेवला, झाकण लावलं, आणि वरून तो पेला उपडा घातला.

"थोडंच आणलं," म्हणाला. "पंधरा दिवसांनी पुन्हा दळून आणजा. जुनं नका होऊ देऊ."

एवढंच. राहा म्हणाला नाही, चला म्हणाला नाही. दुपारी शेगावहून त्याची गाडी होती, एकटाच गेला. निघताना वाकून पाया पडला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. तो गल्लीच्या वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी दारात होतो.

म्हणजे मी राहतोय. हे उत्तर. पायऱ्या सगळ्या दाखवल्या.

मग आत येऊन भांडी घासली. तवा घासला, परात धुवून पालथी घातली. ओटा ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या. शेगडी पुढं ओढली. मागं, भिंतीलगत, पिठाची एक पांढरी रेघ होती. सकाळी थापताना उडालेलं, तुझ्या पिठातलं. फडकं हातात होतं. मी ती रेघ पुसली नाही. शेगडी हळूच मागं सरकवली.

दहा नकोत मला. ये, आणि एक मार्क काप.